खटक्यावरचे कुलूप

मुंबईच्या गिरण्यांत वीज शिरण्यापूर्वी, लालबाग-परळच्या आकाशात धुराड्यांची रांग उभी होती आणि एकेका धुराड्याच्या पायथ्याशी वाफेचे एकेक एंजिन चालत होते त्या काळी, गिरणीतली सारी शक्ती एकाच ठिकाणी उत्पन्न होई आणि तिच्यावर एकाच माणसाचा हात असे. एंजिनाच्या अजस्र चाकावरून निघालेले सुती दोर मजल्यामजल्यांवरचे लांबलचक लोखंडी दांडे फिरवीत, त्या दांड्यांवरून चामड्याचे पट्टे खाली उतरत, आणि एकेका पट्ट्यावर एकेक साचा चाले. साचा थांबवावयाचा झाला म्हणजे एंजिन थांबवून भागत नसे, कारण एका साच्यासाठी शेकडो साचे बंद ठेवणे कोणत्याही मालकाला परवडणारे नव्हते. म्हणून साच्याच्या अंगाला दोन कप्प्या शेजारी शेजारी बसवीत, एक पक्की व दुसरी ढिली, आणि पट्टा पक्क्या कप्पीवरून ढिल्या कप्पीवर सरकवला की ती ढिली कप्पी आपल्यापुरती फिरत राही व साचा उभा राही. ही युक्ती साधी होती, स्वस्त होती आणि बहुतेक वेळा पुरेशीही होती. परंतु भोवतालची यंत्रे जमीन हादरवीत असता पट्टा बोटबोट सरकत पुन्हा पक्क्या कप्पीवर चढू शके, आणि तसा तो चढला तर साच्याच्या पोटात हात घालून बसलेल्या फिटरला त्याची वर्दी मिळे ती यंत्र चालू झाल्यावरच.

या बोटबोट सरकणाऱ्या पट्ट्याची धास्ती इतकी मुरलेली होती की, 1948 साली स्वतंत्र हिंदुस्थानने कारखान्यांचा नवा अधिनियम केला तेव्हाही त्याच्या चोविसाव्या कलमात, पट्टा पक्क्या कप्पीवर आपोआप परत जाणार नाही अशी पट्टा सरकवण्याच्या साधनाची रचना असली पाहिजे, अशी तजवीज करून ठेवावी लागली. विजेच्या खटक्याला कुलूप का घालावे, या प्रश्नाचे बीज मला त्या कलमात दिसते. यंत्र थांबलेले आहे, एवढ्याने त्यावर काम करणाराचे भागत नाही. आपले काम पुरे होईपर्यंत ते चालू होणे अशक्य आहे, अशी त्याला खात्री हवी असते. ही खात्री त्याला कोणी द्यावयाची, मालकाने, मुकादमाने, कागदाने की कुलपाने, आणि त्या कुलपाची किल्ली कोणाच्या खिशात असावयाची, याचा निकाल लागावयास सुमारे शंभर वर्षे गेली.

वाफेच्या अमलात काही गोष्टी कामगाराच्या बाजूच्याही होत्या, हे नमूद केले पाहिजे. वाफेची शक्ती डोळ्यांना दिसे आणि कानांना ऐकू येई. दांडा फिरतो आहे की थांबला आहे हे सांगण्यास इंजिनियर लागत नसे. शिवाय एंजिन केव्हा ना केव्हा थांबतच असे. 1891 च्या कायद्याने दुपारी अर्ध्या तासाची सक्तीची विश्रांती घालून दिली होती. त्याच्या आदल्याच वर्षी, नारायण मेघाजी लोखंडे यांनी चालवलेल्या खटपटीला यश येऊन, रविवारची सुटी गिरणी-मालकांनी मान्य केली होती. आणि अंधार पडला म्हणजे बहुतेक गिरण्या आपोआपच बंद होत. मोठ्या दुरुस्तीची कामे या अवकाशांत उरकता येत, आणि त्या वेळी सारे यंत्र एकदम उभे असल्यामुळे एका भागाचा दुसऱ्या भागाला उपद्रव होण्याचा संभव थोडा असे.

वीज गिरणीत आली ती प्रथम यंत्रे चालवण्यासाठी नव्हे, दिवे लावण्यासाठी; आणि त्या दिव्यांनी हा अवकाशच हिरावून घेतला. 1905 च्या सुमारास कापडाला तेजी आली, आणि ज्या गिरण्यांत विजेचे दिवे लागले होते त्यांतून कामाचा दिवस पंधरा-पंधरा तासांपर्यंत ताणला जाऊ लागला. त्याविरुद्ध ओरड झाली, 1907-08 साली कारखान्यांतील मजुरांच्या स्थितीची चौकशी करणारा आयोग बसला, आणि 1911 च्या कायद्याने कापड-गिरण्यांतील प्रौढ पुरुषांच्या कामाला बारा तासांची मर्यादा पडली. हा इतिहास मजुरांच्या चळवळीच्या अंगाने पुष्कळदा सांगितला जातो. पण त्याचे एक लहानसे पोटकलम बहुधा सुटून जाते. ते असे की, ज्या गिरणीत उजेडाचा तोटा नाही तिला थांबण्याचे नैसर्गिक कारणच उरत नाही, आणि जी थांबत नाही तिची दुरुस्ती, ती चालू असतानाच, तिचा एखादा अवयव तेवढा वेगळा काढून करणे भाग पडते. अवयव वेगळा काढण्याची ही गरज विजेच्या दिव्याबरोबर आली. पुढे विजेच्या मोटरीने ती शतपट केली.

त्या मोटरीमागची शक्ती सह्याद्रीवरून उतरली. जमशेटजी टाटांनी पाहिलेले आणि त्यांच्या मृत्यूनंतर पुरे झालेले हे स्वप्न: 1910 साली कंपनी उभी राहिली, 1911 च्या फेब्रुवारीत लोणावळ्यास कोनशिला बसली, आणि 1915 च्या फेब्रुवारीत खोपोलीचे वीजघर चालू झाले. लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथील तलावांत साठवलेले पावसाचे पाणी सुमारे 1,700 फूट उंचीवरून पोलादी नळांतून खाली येऊन पाणचक्क्यांवर आदळे, आणि त्यापासून निघालेली वीज एक लाख व्होल्टच्या दाबाने सुमारे 43 मैलांचा प्रवास करून परळला येई. पुढे 1922 साली भिवपुरी आणि 1927 साली भिरा अशी आणखी दोन वीजघरे झाली; त्यांतल्या शेवटच्यासाठी मुळशीचे धरण बांधताना जी गावे बुडाली त्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला, ही गोष्ट मुंबईच्या उजेडाचा हिशेब मांडताना जमाखर्चाच्या दोन्ही बाजू पाहणाऱ्याने विसरू नये.

प्रारंभी गिरण्यांनी एवढेच केले की एंजिनाच्या जागी एक मोठी मोटर बसवली आणि दांडे-पट्टे होते तसेच ठेवले. पण विजेचा स्वभाव वाटून जाण्याचा आहे. हळूहळू एकेका खात्याला, मग एकेका रांगेला, आणि अखेर एकेका साच्याला स्वतःची मोटर मिळाली. पट्ट्यांचे जंगल गेले, उजेड आणि हवा आली, आणि पट्ट्यात धोतर अडकून माणूस दांड्याभोवती फिरण्याचे भयानक प्रकार कमी झाले, हा लाभ लहान नव्हता. मात्र जिथे पूर्वी एका एंजिनवाल्याच्या हाताखाली सारी शक्ती होती, तिथे आता जागोजाग भिंतींवर, खांबांवर, साच्यांच्या कडेला खटके झाले, आणि प्रत्येक खटका कोणाच्याही हाताला पोचण्याजोगा झाला. आणि ही नवी शक्ती मुकी होती. जिवंत तार आणि मेलेली तार दिसावयास अगदी एक. तिला वास नाही, आवाज नाही, हालचाल नाही. दांडा थांबलेला पाहून विश्वास ठेवणाऱ्या पिढीच्या हाती ही तार आली, तेव्हा त्या पिढीच्या पंचेंद्रियांपैकी एकही उपयोगाचे उरले नाही.

त्या काळातले जुने खटके ज्यांनी पाहिले असतील त्यांना त्यांचा रुबाब आठवेल. संगमरवराच्या किंवा पाटीच्या काळ्या दगडाच्या फळीवर तांब्याची जाड पाती उघडी उभी असत; मुठीला धरून ओढले की पाते जबड्यातून सुटे आणि हवेत उभे राही. या उघड्या खटक्यात एक मोठा गुण होता आणि एक मोठा दोष. गुण हा की, पाते आणि जबडा यांमधली हवेची फट कोणालाही दुरून दिसे, वीज तुटली आहे याबद्दल संशयाला जागा नसे. दोष हा की, जिवंत तांबे हाताच्या अंतरावर उघडे असे आणि भाराखाली पाते ओढताना निळी-पांढरी ठिणगी तोंडाशी फुटे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत अमेरिकेत आणि विलायतेत लोखंडी पेटीत बंद केलेले, दांडी बाहेर ठेवलेले खटके निघाले, आणि काही वर्षांत आपल्याकडील कारखान्यांतही तेच आले. चालवणाऱ्याचा हात त्यामुळे सुरक्षित झाला. दुरुस्ती करणाऱ्याची मात्र पंचाईत झाली, कारण ती हवेची फट आता झाकणाआड गेली आणि तिच्याविषयी त्याला दांडीच्या सांगण्यावर विश्वास ठेवणे प्राप्त झाले. खटका करणाऱ्यांना हे उमगले असले पाहिजे, म्हणून त्यांनी त्या दांडीला व पेटीच्या अंगाला समोरासमोर एकेक छिद्र ठेवले. पुष्कळ वर्षे कित्येक कारखान्यांतून त्या छिद्राचा उपयोग कोणालाही ठाऊक नव्हता, आणि क्वचित त्यातून तार ओवून तिच्यावर फडके वाळत घातलेले दिसे.

येथे थोडे तांत्रिक विषयांतर करणे भाग आहे, कारण त्यावाचून कुलूप कोठे घालावयाचे ते कळणार नाही. वीज तोडणारी साधने दोन जातींची असतात. एक ब्रेकर: भार चालू असता प्रवाह तोडण्याचे काम त्याचे, तेल, हवा किंवा वायू यांच्या साह्याने तो ठिणगी विझवतो, दोष उत्पन्न झाला की स्वतः उघडतो, दुरून बटण दाबूनही उघडतो, आणि नेमके त्याच कारणाने तो दुरून बटण दाबून मिटूही शकतो. दुसरा आयसोलेटर: त्याला भार तोडता येत नाही, भाराखाली उघडला तर तो स्वतःच जळून जावयाचा, पण एकदा भार गेल्यावर उघडला म्हणजे तो जी फट पाडतो ती स्वच्छ, रुंद आणि बहुधा डोळ्यांना दिसणारी असते. म्हणून क्रम असा की, आधी ब्रेकर उघडावयाचा, मग आयसोलेटर, मग त्या आयसोलेटरला कुलूप, मग पलीकडची तार खरोखरच मेली आहे की नाही याची योग्य उपकरणाने परीक्षा, आणि शेवटी तिला जमिनीशी जोडणे, म्हणजे अर्थिंग. हा क्रम उलटा केला तर काय होते ते सांगण्यास उलटा करणारा बहुधा मागे राहत नाही. बटणाला, स्टार्टरला किंवा नुसत्या ब्रेकरला कुलूप घालून काम करणे म्हणजे दाराऐवजी पडद्याला कडी घालण्यासारखे आहे.

कुलपाची कल्पना विजेच्या लोकांना स्वतःहून सुचली असे दिसत नाही. ती त्यांनी रेल्वेकडून उसनी घेतली. एकेरी मार्गावर समोरासमोरून दोन गाड्या येऊ नयेत यासाठी, त्या मार्गाची एक खूण, म्हणजे टोकन, हाती असल्याखेरीज ड्रायव्हरने गाडी हलवावयाची नाही, हा शिरस्ता रेल्वेने फार पूर्वी घालून दिला होता. एक वस्तू एका वेळी दोन ठिकाणी असू शकत नाही, या बालबोध सत्यावर तो उभा आहे. याच सत्याचा दुसरा अवतार म्हणजे ॲनेट नावाच्या इंग्रज गृहस्थाची किल्ली: बाजूच्या रुळांचे कुलूप उघडावयाचे तर किल्ली सिग्नलच्या चौकटीतून काढावी लागे, आणि ती काढली की सिग्नल बंद स्थितीत जखडला जाई. पुढे 1922 साली इंग्लंडात कॅस्टेल यांनी असलीच किल्ल्यांची साखळी विजेच्या खटक्यांना लावण्याचा व्यवसाय आरंभला: आयसोलेटर उघडल्याखेरीज त्याची किल्ली निघावयाची नाही, आणि ती निघाल्याखेरीज विजेच्या साधनांभोवतीच्या पिंजऱ्याचे दार उघडावयाचे नाही. माणसाच्या स्मरणशक्तीवर आणि सद्भावनेवर टाकलेले ओझे अशा रीतीने पितळेच्या किल्लीवर टाकण्यात आले.

रेल्वेनेही ही उसनवारी परत घेतली. 3 फेब्रुवारी 1925 रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही विजेची पहिली गाडी धावली, 1,500 व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर. आणि तेव्हापासून रुळांवरच्या तारेखाली काम करणाऱ्या टोळ्यांसाठी तार मेलेली आहे हे सिद्ध करण्याचा एक कडक संस्कार मुंबईच्या लोहमार्गांवर रूढ झाला. पॉवर ब्लॉक, म्हणजे ठरावीक वेळेपुरता वीजबंद, मागावयाचा, नियंत्रकाने तो नोंदवून द्यावयाचा, देणाऱ्याने व घेणाऱ्याने एकमेकांना खासगी आकडे सांगून दोहोंकडच्या वहीत टिपावयाचे, आणि मगच तारेला अर्थिंगची काठी लावावयाची. दर रविवारी जो मेगाब्लॉक जाहीर होतो आणि ज्याच्या नावाने आपण ठाणे-कल्याणच्या फलाटांवर उभे राहून बोटे मोडतो, त्याच्या पोटात हा सगळा विधी दडलेला असतो. रविवारच्या सुटीसाठी झगडलेल्या लोखंड्यांना, त्याच रविवारी शेकडो माणसे तारांवर चढलेली पाहून काय वाटले असते, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

सरकारची भिस्त मात्र दीर्घकाळ किल्लीपेक्षा कागदावर होती, आणि त्यात नवल नाही, कारण सरकार कागदावरच चालते. 1910 चा वीज अधिनियम आणि त्याखाली वेळोवेळी झालेले नियम यांनी परवानाधारक कंपनी, परवानाधारक ठेकेदार, सक्षमतेचा दाखला असलेला पर्यवेक्षक आणि वायरमन अशी अधिकारांची उतरंड रचली. 1956 च्या नियमांत छत्तिसावा नियम असा होता की, कोणत्याही तारेला वा साधनाला हात लावण्यापूर्वी ते अर्थिंगने किंवा अन्य योग्य उपायाने निर्विद्युत करण्याची पुरेशी खबरदारी घेतली पाहिजे. त्याच्या शेजारीच कवटी आणि हाडांचे चित्र असलेल्या, स्थानिक भाषेतल्या धोक्याच्या पाटीचा नियम. ही पाटी महाराष्ट्रातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण या जुन्या नियमांचा रोख असा की, खबरदारी ‘घेतली गेली पाहिजे’. ती घेतली गेली आहे याचा पुरावा ज्याचा जीव जावयाचा त्याच्या हाती असावा, याविषयी ते फारसे बोलत नाहीत.

ती उणीव भरून काढण्यासाठी परमिट आले. त्याचे रूप सर्वत्र जवळजवळ एकच: दोन प्रतींचा छापील फॉर्म, वरच्या अर्ध्यात कोणकोणते खटके उघडले, कोठे अर्थिंग केले, कोठे पाट्या लावल्या याची नोंद व देणाऱ्याची सही, खाली काम घेणाऱ्याची सही, आणि काम संपल्यावर माणसे, हत्यारे व अर्थिंगच्या काठ्या बाजूला काढल्या आहेत अशी त्याची कबुली देऊन परमिट परत. परमिट परत येईपर्यंत खटका मिटावयाचा नाही. हा दस्तऐवज मोलाचा आहे, त्याने असंख्य प्राण वाचले असतील. पण त्याच्या जन्मकुंडलीत आणखी एक ग्रह आहे, तो पाहून ठेवावा. 1923 साली कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा झाला आणि दुसऱ्या वर्षी जुलैपासून अमलात आला. त्यात, कामगाराने सुरक्षिततेचा नियम हेतुपुरस्सर मोडला असल्यास मालकाची जबाबदारी टळण्याची वाट ठेवलेली होती. कोणी काय मोडले हे ठरवावयाचे तर कागद हवा. आणि म्हणून परमिट हे जितके जीव राखण्याचे साधन आहे तितकेच, जीव गेल्यावर कैफियत मांडण्याचेही आहे. ज्या कागदाला दोन धनी असतात त्याची निष्ठा नेहमी पहिल्याकडेच राहते असे नाही.

शिवाय कागदाची मोठी अडचण म्हणजे तो कचेरीत असतो आणि खटका भिंतीवर. कागद ज्याने वाचला आहे तो माणूस पाळी बदलताच घरी जातो. दुसऱ्या पाळीचा जॉबर, म्हणजे मुकादम, येतो, त्याच्या रांगेतला एक साचा बंद दिसतो, त्याला आपल्या उत्पादनाची काळजी असते, आणि तो अत्यंत सद्हेतूने, किंबहुना कर्तव्यबुद्धीने, खटका वर करतो. या अपघातात दुष्ट कोणीच नसतो, आणि म्हणूनच हे कुलूप आपल्या ओळखीच्या कुलपांहून वेगळे आहे. आपली सारी कुलपे, कोठाराची, तिजोरीची, देवळाच्या दानपेटीची, चोरासाठी असतात; खटक्यावरचे कुलूप सज्जनासाठी असते, शेजाऱ्यासाठी असते, कधी कधी तर घाईत विसरून गेलेल्या स्वतःसाठीही असते. प्रामाणिक माणसाला कुलूप दाखवणे आपल्याकडे अपमानाचे मानले जाते, आणि माझा तर्क असा आहे की कारखान्यांतून या प्रथेला जो मूक विरोध झाला तो आळसापेक्षा या अपमानाच्या भावनेतून अधिक झाला. ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ असे म्हणणाऱ्या वयोवृद्ध मिस्त्रीसमोर कुलूप बाहेर काढण्यास तरुण वायरमनला जे धैर्य लागते ते विजेच्या खांबावर चढण्यास लागणाऱ्या धैर्याहून कमी नव्हे.

किल्ली कामगाराच्या खिशात नेण्याचे श्रेय, सर्वांचे नव्हे पण पुष्कळसे, अमेरिकेकडे जाते. तेथे कुलूपही स्वस्त आणि दणकट झाले होते: मिलवॉकी येथील हॅरी सोरेफ या कुलूपकाराने पोलादी पत्र्यांचे थर रिबेटांनी एकत्र ठोकून कुलूप बनवण्याची रीत 1924 साली पेटंट केली, आणि 1928 साली दारूबंदीचा भंग करणारे अड्डे बंद करण्यासाठी त्याची जवळजवळ दीड लाख कुलपे एकट्या न्यूयॉर्कला रवाना झाली. त्याच घडणीची कुलपे पुढे खटक्यांवर चढली. तरी खटक्यावरच्या कुलपाचा कायदा यावयास विलंबच लागला. मोटर-कारखान्यांतील कामगारांच्या संघटनेने 1979 साली सरकारकडे तातडीच्या नियमाची मागणी केली. 1982 साली मानकांची एक राष्ट्रीय संहिता झाली, पण ती ऐच्छिक. आणि प्रत्यक्ष नियम सप्टेंबर 1989 मध्ये प्रसिद्ध होऊन 2 जानेवारी 1990 पासून लागू झाला. त्यामुळे वर्षाला सुमारे 120 मृत्यू आणि 50,000 जखमा टळतील असा सरकारी अंदाज होता. म्हणजे तोवर त्या होत होत्या.

या नियमाने पहिल्याने हे स्पष्ट केले की कुलूप केव्हा घालावयाचे. नेहमीचे उत्पादन चालू असताना नव्हे. पण दुरुस्ती, साफसफाई, तेल देणे, अडकलेला माल काढणे, भाग बदलणे, यांपैकी कशासाठीही माणसाचा देह यंत्राच्या आवाक्यात जात असेल आणि यंत्र अवचित चालू होण्याचा संभव असेल, तर. ज्याचा प्लग काढून त्या माणसाच्याच हाताशी राहतो अशा लहान यंत्राला सवलत आहे. नुसती पाटी अडकवून भागणार नाही. जिथे कुलूप घालणे शक्य नाही, किंवा पाटीनेही पूर्ण संरक्षण मिळते हे मालक सिद्ध करून देतो, तिथेच पाटी, आणि यापुढे नवी किंवा मोठ्या प्रमाणावर दुरुस्त केलेली यंत्रसामग्री कुलूप घेऊ शकेल अशीच हवी. पण माझ्या मते त्यातले सर्वांत क्रांतिकारक वाक्य वेगळे आहे: कुलूप ज्याने घातले त्यानेच काढावयाचे. दहा माणसे एका यंत्रावर असतील तर एकाच खटक्यावर दहा कुलपे; त्यासाठी अनेक छिद्रांचा कोयंडा असतो, आणि दहावे कुलूप निघेपर्यंत उरलेली नऊ माणसे कितीही वरिष्ठ असली तरी खटका वर जात नाही. कारखान्यात जेथे प्रत्येक गोष्ट वरून खाली येते, तेथे सर्वांत खालच्या हेल्परला साऱ्या खात्याचा प्रवाह अडवून धरण्याचा असा अधिकार दुसरा कोणताही नाही. त्याच 1989 साली ब्रिटननेही नवे विद्युत विनियम केले आणि वीज तोडणे वेगळे व ती ‘सुरक्षितपणे’ तोडलेली राखणे वेगळे, हा भेद व्याख्येतच घातला.

आपण मात्र, हे सांगताना अभिमान वाटतो, त्यांच्या तेरा वर्षे आधी या वाटेवर पाऊल टाकले होते. 1976 साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन त्याच चोविसाव्या कलमाला तिसरे पोटकलम जोडले गेले: शक्ती तोडणारे साधन जर चुकून बंद स्थितीतून चालू स्थितीत सरकण्याजोगे असेल, तर ते सुरक्षित स्थितीत कुलूपबंद करण्याची व्यवस्था असली पाहिजे. पट्ट्याच्या पोटकलमाशेजारीच, त्याच कलमात, खटक्याचे पोटकलम आले. पण पोटकलम व्यवस्थेपाशी थांबले. किल्ली कोणाकडे, हे त्याने सांगितले नाही. परिणामी पुष्कळ कारखान्यांत कुलूप आले आणि किल्ली सुपरवायझरच्या कपाटात, खिळ्यावर, इतर किल्ल्यांबरोबर लटकली. तिची दुसरी प्रत स्टोअरमध्ये. असे कुलूप हे कुलपाच्या वेषातले परमिटच होय, आणि परमिटाचे सारे दोष त्यात कायम राहतात.

आणि नुसत्या खटक्याच्या कुलपानेही सर्व संपत नाही, कारण शक्तीला येण्याच्या वाटा अनेक असतात. खोपोलीसारख्या ठिकाणी पाणचक्कीवर माणूस उतरावयाचा तर खटक्याइतकीच नळाच्या झडपेला कुलपाची गरज. वरचे 1,700 फूट पाणी हीच तेथे मूळ वीज. कपॅसिटर तोडल्यावरही आपला साठा धरून राहतात. ताणलेली स्प्रिंग, उचलून धरलेले वजन, दाबाखालची हवा, ही सारी न विझलेली शक्तीच. दोन उच्चदाबाच्या तारा समांतर जात असल्या तर चालू असलेली तार बंद असलेल्या तारेत दाब उत्पन्न करते, आणि दोन्ही टोकांना कुलपे असूनही मधला माणूस दगावू शकतो. म्हणून अर्थिंग हे कामाच्या दोन्ही बाजूंना, माणसाच्या नजरेत हवे. आपल्या खेड्यांतल्या लाइनमनला हे शब्द ठाऊक नसले तरी गोष्ट ठाऊक असते. खांबावरच्या एबी (एअर-ब्रेक) स्विचची दांडी खाली ओढून तिला कुलूप घालण्याची सोय असते. पण सबस्टेशन दूर, फिडरवर गावे अनेक, पावसाळ्याच्या रात्री तक्रारी अनेक, आणि हातात मोबाइल, म्हणून फोनवरून शटडाऊन मागणे व ‘लाइन बंद केली’ एवढ्या शब्दावर खांबावर चढणे हा मोह मोठा असतो. जो शब्द लोहमार्गावर खासगी आकड्यांनी बांधून ठेवला जातो, तोच येथे मोकळा सोडलेला असतो.

त्यातच गेल्या काही वर्षांत वीज उलट्या दिशेनेही येऊ लागली आहे. पूर्वी सबस्टेशनकडची बाजू तोडली की खालची तार मेली असे धरून चालणे बरेचसे खरे होते; मग दुकानांतून जनरेटर आले, घराघरांत इन्व्हर्टर आले, आणि आता छपराछपरांवर सौर पट्ट्या बसू लागल्या आहेत, ज्यांतून ग्राहकाची वीज तारेवर चढते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने 2013 साली अशा विखुरलेल्या वीजनिर्मितीच्या जोडणीसाठी जे विनियम केले त्यांत म्हणून एक हाताने चालवावयाचा विलगीकरणाचा खटका सांगितला आहे: त्याची फट डोळ्यांना दिसली पाहिजे, उघड्या स्थितीत त्याला कुलूप घालता आले पाहिजे, आणि वितरण कंपनीच्या माणसांना दिवसाचे चोवीस तास, ग्राहकाची परवानगी न मागता, त्याच्यापर्यंत पोचता आले पाहिजे. काळ्या दगडावरच्या उघड्या पात्याचा जो गुण लोखंडी पेटीने झाकून टाकला होता तो या विनियमाने परत मागितला आहे, आणि किल्लीही ज्याच्या भिंतीवर खटका आहे त्याच्याकडे न ठेवता तारेवर काम करणाऱ्याच्या बाजूला नेली आहे. बाहेरचा पुरवठा गेला की सौर इन्व्हर्टरने आपोआप बंद व्हावे अशी त्याची रचना असते आणि ती बहुधा चालतेही; तरी विनियम करणाऱ्यांनी त्या आपोआपपणावर भिस्त ठेवली नाही.